‘दुरुस्त झाले’ असे संगणक सांगतो तेव्हा

संगणक बिघडला की दुकानात पहिला सल्ला मिळतो तो फॉर्मॅटचा. म्हैसूरच्या देवराज अर्स रोडवर मला तो कन्नडमध्ये मिळाला: ‘फॉर्मॅट माडबेकु, सार.’ दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. विंडोज नव्याने टाकणे हे ठरलेले काम. बिघाड शोधत बसणे त्याला परवडत नाही. पण माझ्या संगणकावर आमच्या मराठी मंडळाचा वर्गणीचा हिशेब आणि गणेशोत्सवाचे फोटो होते. यंत्र तसेच रिक्षात घालून सरस्वतीपुरमला परत आणले.

झाले होते असे: मे महिन्यातला वळवाचा पाऊस, विंडोजचे अपडेट अर्ध्यावर, आणि वीज गेली. नंतर यंत्र सुरू व्हायचे, पण स्टार्ट मेनू उघडेना, सेटिंग्ज उघडताच मिटायच्या. बंगळुरूत संगणकाच्याच कामात असलेला भाचा फोनवर म्हणाला, “मामा, अजून काही टाइप करू नका. आधी तुमच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग बघू.” पुढे जे काही निभावले ते या एका वाक्यामुळे.

या कामाची आज्ञा बहुतेकांनी ऐकलेली असते: एसएफसी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला चिकटून स्कॅननाऊ. रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणूनच उघडायचा. एरवी ती चालत नाही. विंडोज आपल्या महत्त्वाच्या फाइलींचे कोठार विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये राखून असते. एसएफसी एकेक फाइल तपासते आणि खराब निघालेल्या फाइलीच्या जागी कोठारातली चांगली प्रत बसवते.

कोठारालाच कीड लागली असेल तर? माझ्याकडे तेच झाले. तपासणी शंभर टक्क्यांवर गेली आणि उत्तर आले की खराब फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. इथे पुष्कळ लोक तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतात. त्याने काही होत नाही. आधी कोठार सुधारायचे, त्यासाठी डीआयएसएम ही दुसरी आज्ञा: तिच्यापुढे ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द, प्रत्येकाआधी स्लॅश. ती चांगला माल मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सेवेतून मागवते, म्हणून इंटरनेट हवे. मायक्रोसॉफ्टही विंडोज १० आणि ११ साठी आधी डीआयएसएम, मग एसएफसी हाच क्रम सांगते. मधेच आकडा बराच वेळ एका जागी थांबतो. यंत्र अडकले असे वाटते. खिडकी बंद करू नका, थांबा. आणि यूपीएस नसेल तर ढग दाटून आलेल्या संध्याकाळी हे काम काढूच नका.

डीआयएसएमनंतर एसएफसी पुन्हा चालवली. या वेळी संदेश आला: खराब फाइली सापडल्या आणि यशस्वीपणे दुरुस्त झाल्या. स्टार्ट मेनू उघडला. घरात सगळ्यांना वाटले, संपले.

थोड्याच दिवसांत तेच दुखणे परतले. फाइली सुधारल्या म्हणजे त्या का बिघडल्या हे कळले, असे नव्हे, आणि हे एसएफसी सांगत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदी पाहिल्या, तर ‘डिस्क’ या नावाखाली बॅड ब्लॉकच्या ओळी एकाखाली एक. विजेला नावे ठेवून झाली होती. हार्ड डिस्कच मरणपंथाला लागलेली.

अशा वेळी ओळखीपाळखीचे लोक हमखास सुचवतात ती चेकडिस्क, तीही स्लॅश आर लावून. ती पूर्ण डिस्क वाचून खराब जागा शोधते. मोठ्या डिस्कला सारी रात्र लागू शकते. धडधाकट डिस्कवर खुशाल चालवा. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला मात्र तो ताण सोसत नाही, आणि वाचता आला असता तो डेटाही जातो. आम्ही ती चालवली नाही. नवी एसएसडी बसवली, विंडोज नव्याने टाकले, फाइली बाहेरच्या डिस्कवरून परत घेतल्या. म्हणजे शेवटी दुकानदाराचे निम्मे खरेच ठरले!

आणखी एक सावधगिरी. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर ही बटणे दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगणारी पाने अलीकडे दिसतात. ते दुरुस्तीचे काम नव्हे, चोरीचे आहे. जी आज्ञा काय करते ते ठाऊक नाही, ती पेस्ट करू नका.

या आज्ञांची धावही विंडोजच्या स्वतःच्या फाइलींपुरतीच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तिथे एसएफसीचा उपयोग नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन त्या कंपनीची एक फाइल पुसायची होती. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर होते, त्यांना त्याआधी रिकव्हरी की विचारली गेली, आणि अनेकांचे घोडे तिथेच अडले. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेले असते. तुमचे यंत्र धड आहे तोवर ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. ४८ आकडे असतात.