युकावांचा लेख टोकियोत का छापला गेला?

प्रश्न : हिदेकी युकावांना नोबेल मिळवून देणारा लेख एका जपानी नियतकालिकात आला होता असं ऐकलं. त्या काळी ते जपानबाहेर कोण वाचत असे? आणि ते चालवत कोण होतं?

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. ओसाकाच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या २७ वर्षांच्या युकावांनी नोव्हेंबर १९३४ मध्ये आपली कल्पना जपानच्या गणित-भौतिकी सोसायटीच्या सभेत मांडली आणि १९३५ मध्ये सोसायटीच्याच ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये ती इंग्रजीत छापली. अणुकेंद्र बांधून ठेवणारं बल एका अज्ञात कणामुळे येतं आणि तो कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट जड असावा, असा तो तर्क होता. बाहेर त्याची दखल जवळजवळ कुणी घेतली नाही. १९३७ मध्ये वैश्विक किरणांत साधारण तेवढ्याच वजनाचा कण सापडला, तेव्हा कुठे लोकांनी तो अंक शोधून काढला. तो कण युकावांचा नव्हताच. युकावांचा खरा कण, म्हणजे पायॉन, १९४७ मध्ये मिळाला. दोन वर्षांनी आलेलं नोबेल हे जपानचं पहिलं.

ही सोसायटी १८७७ मध्ये टोकियोत निघाली ती गणितींची म्हणून. भौतिकीला नावात जागा मिळाली १८८४ मध्ये. भौतिकशास्त्रज्ञ नागाओकांनी अणूचं शनीसारखं प्रारूप मांडलं तेही आधी इथेच, पण १९०४ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्येही आल्यामुळे ते रदरफर्डपर्यंत पोहोचलं. युकावांना ती गरज वाटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. घरच्या सभेत ऐकणारे जाणकार तयार झाले होते.

१९४६ मध्ये गणिती आणि भौतिकी मंडळी वेगळी झाली आणि आजची फिजिकल सोसायटी ऑफ जपान उभी राहिली. देश बेचिराख, कागदाची चणचण. तरी त्याच वर्षी युकावांनी क्योटोत ‘प्रोग्रेस ऑफ थिऑरेटिकल फिजिक्स’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. टोकियोतले भौतिकशास्त्रज्ञ तोमोनागा यांनी युद्धकाळात जपानीत लिहिलेला लेख त्याच्या पहिल्याच खंडात इंग्रजीतून आला. १९४८ मध्ये हलक्या, खरबरीत कागदावरचे ते अंक कॉर्नेलला हान्स बेथेंच्या हाती पडले. तिथे असलेल्या तरुण फ्रीमन डायसनना ते वाचून धक्काच बसला : श्विंगर अमेरिकेत जे मांडत होते त्याचा पाया टोकियोत, जगापासून तुटलेल्या अवस्थेत, पाच वर्षं आधीच घातला गेला होता. १९६५ चं नोबेल तोमोनागांना श्विंगर आणि फाइनमन यांच्यासोबत मिळालं. मला विचाराल तर त्यात त्या खरबरीत अंकांचाही वाटा आहे.

‘प्रोग्रेस’चा वारसा आता सोसायटीच चालवते. १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी क्वार्क किमान सहा असावेत असं लिहिलं तेही ‘प्रोग्रेस’मध्येच. तेव्हा तीनच माहीत होते. सहावा १९९५ मध्ये फर्मीलॅबमध्ये सापडला आणि नोबेल आलं २००८ मध्ये.