आता तुझं तू ठरव



आजचं वाचन गीता, अध्याय १८, श्लोक ६३. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, ज्ञान तुला दिलं, आता त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. घोड्यांचे लगाम श्रीकृष्णाच्या हातात, पण निर्णय अर्जुनाचा! सरळ हुकूम दिला असता तर बिचारा सुटला असता.

आपल्याकडे उलटं चालतं. परभणी, गंगाखेड, जिंतूरकडची कितीतरी पोरं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलीत. २०१६ साली राज्य सरकारच्या नोकरीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांना ४३. मागणी रास्त होती. जाहिराती वेळेवर निघत नाहीत, आणि मराठवाड्यात दुसऱ्या नोकऱ्या आहेत कुठे? त्यामुळे या पोरांना मी आळशी म्हणणार नाही. पण सोबत एक सवय लागते, 'पोस्ट निघाली की बघू.' लग्न, घराचं कर्ज, बांधाचा वाद, सगळं पोस्टनंतर. घरचेही म्हणतात, तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो. प्रेमच ते. पण त्यात ३२ वर्षांचा माणूस दहावीतच राहतो.

पगार सुरू झाला म्हणून सुटतं असंही नाही. मी इतकी वर्षं कोड लिहितोय, तरी माझा टॅक्स रिटर्न बाबाच परभणीत भरून घ्यायचे. फ्लॅटचं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, 'बाबा ठरवतील.' गेल्या दिवाळीत त्यांनी एक फाईल पुढ्यात ठेवली. सातबारा, पीककर्ज, विमा. म्हणाले, "काय करायचं ते आता तू सांग." मला रागच आला. दोन दिवसांनी कळलं, ती भीती होती. चुकलं तर आता कुणावर ढकलणार?

अर्जुन काही कोवळा पोरगा नव्हता. त्याचा लग्न झालेला मुलगा, अभिमन्यू, त्याच रणांगणावर होता. तरी त्याचे हातपाय गळाले. म्हणजे वयाचा प्रश्न नाहीच. आणि 'तुला वाटेल तसं' याच्या आधी 'पूर्ण विचार कर' आहे, हे आपण सोयीस्कर विसरतो. 'माय लाइफ, माय चॉइस' म्हणून बाबांचा फोन कट करणं म्हणजे हा श्लोक नव्हे. पुढे ७३ व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, संशय गेला, तू सांगशील ते करीन. देवाला हवं तेच, पण आता स्वतःच्या तोंडाने.

फाईल माझ्या टेबलावर आहे. विम्याचं झालं. कर्जाबद्दल रविवारी बाबांना फोन करून सगळं नीट विचारून घेणार आहे. ते बहुतेक म्हणतील, "तुझं तू बघ."