पाऊस शून्य, की नोंदच नाही?

शंका : दर दहा मिनिटांच्या पावसाच्या नोंदी पांडास या प्रोग्रॅमिंग साधनात रीसॅम्पल करून रोजची बेरीज काढली. यंत्र बंद होतं त्या दिवशीही ० मिमी दिसतो. असं का?
– एक वाचक, रावेर

समाधान : बेरीज करताना पांडास रिकाम्या जागा वगळतं. सगळ्याच वगळल्या, की हाती शून्य उरतं. 'सम'ला 'मिन_काउंट=१' दिलंत, तर तो दिवस कोरा राहील. पण ही अट ढिली आहे; १४४ पैकी एक नोंद सापडली तरी ती भागते. म्हणून बेरजेशेजारी 'काउंट'चा रकाना ठेवा. नोंदी कमी असतील, तर ती बेरीज 'किमान इतका पाऊस' एवढंच सांगते. तिथे सरासरीने भर घालू नका. एखादी जोराची सर अर्ध्या तासात दिवसाचा आकडा बदलते. हवामान खात्याशी ताळा करायचा असेल, तर दिवस मध्यरात्रीऐवजी सकाळी ८:३० ला तोडा. तोवरच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितात.

शंका : तापमानातल्या गाळलेल्या नोंदी तरी भरता येतील ना? केळीबागेसाठी किमान तापमान हवं आहे.
– एक बागायतदार, यावल

समाधान : दुपारची वीस-तीस मिनिटं खुशाल भरा, तापमान हळूहळू बदलतं. पहाटेचे तीन तास मात्र नकोत. जानेवारीत पारा सूर्योदयाच्या सुमारास तळ गाठतो. 'इंटरपोलेट'ची सरळ रेघ नेमका तोच तळ कापते आणि रात्र होती त्यापेक्षा उबदार ठरते. सलग किती रात्री कडाक्याच्या गेल्या हे मोजत असाल, तर अशी एक खोटी उबदार रात्र साखळी तोडते. आणखी एक मेख: 'लिमिट=३' दिल्याने लांब खंड कोरा राहत नाही, त्याच्या पहिल्या तीन जागा भरल्या जातात. आधी खंडाची लांबी मोजा, मग ठरवा.

शंका : हवामान खात्याचा पाव अंशाचा जाळीदार पर्जन्य-विदा बारीक केला, तर किनाऱ्यालगत उणे पाऊस येतो!
– एक विद्यार्थिनी, धुळे

समाधान : त्या जाळीत 'माहिती नाही' याची खूण –९९९ आहे, ती शेजारच्या खऱ्या आकड्यांत मिसळली. आधी या खुणांच्या जागी शून्य ठेवा आणि माहिती आहे तिथे १, नाही तिथे ० अशी दुसरी जाळी करा. दोन्ही एकाच द्विरेषीय पद्धतीने बारीक करून पहिलीला दुसरीने भागा. दुसरीचा आकडा ०.५ पेक्षा कमी असेल, ती चौकट कोरी सोडा.