देव कुणाच्या बाजूनं खेळतो?

प्रश्न : माझा मुलगा कॅरम स्पर्धेआधी प्रार्थना करतो, राणी कव्हर झाली नाही, सामना गेला, की देवावर रुसतो. काय सांगू?

उत्तर : प्रार्थना करू द्या, मागणं बदला. समोरचा मुलगाही देवाचंच लेकरू आहे. 'प्रामाणिकपणे खेळू दे' एवढंच मागावं. त्याला एरिक लिडेलची गोष्ट सांगा. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली; रविवार देवाचा, त्या दिवशी धावायचं नाही, अशी श्रद्धा असल्यानं या स्कॉटिश धावपटूनं ती शर्यतच सोडली. २०० मीटरमध्ये तो तिसरा आला, ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकला. पुढं मिशनरी म्हणून चीनला गेला. तिथं जपान्यांनी छावणीत डांबल्यावरही मुलांचे खेळ घेत राहिला. देवाची कृपा गुणांवर ठरत नाही. हरल्यावर मनापासून हात मिळवणं, जिंकल्यावर समोरच्याला न चिडवणं, हीच खेळातली श्रद्धा.