पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत

मांडव्याहून गेटवेकडे परतत होतो. एप्रिलची दुपार, आणि वायव्येचा वारा नेहमीप्रमाणे तीनच्या सुमारास जोर धरू लागला होता. बोट वाऱ्याला तोंड देत तिरकी चालली होती. एक दोर सोडवायला पुढे नाळेपाशी गेलो आणि आधारासाठी, पुढचं शीड गुंडाळणाऱ्या फर्लरच्या ड्रमवर हात ठेवला. ड्रम हातात हलला. दर लाटेगणिक वरची सगळी तार सैल पडत होती आणि पुन्हा गचका देऊन ताणली जात होती.

सोबतच्या मित्राला इंजिन सुरू करायला सांगितलं, जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळली, मोठं शीड उतरवलं आणि मोकळा असलेला हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, नाळेच्या कड्याला बांधून जितका ओढवेल तितका ओढला, म्हणजे डोलकाठीला पुढून एक जादा आधार मिळाला. नांगरावर पोचल्यावर फर्लरची नळी वर उचलून आतला, तारेचा ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल पाहिला. वरच्या बाजूला दांड्याचे जेमतेम तीन आटे टर्नबकलच्या अंगात धरून होते.

ज्यांनी शिडाची बोट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्यासारख्या बोटीवर डोलकाठी डेकवर नुसती टेकलेली असते. तिला उभी ठेवतात त्या तारा: दोन्ही बाजूंना श्राउड, मागे बॅकस्टे आणि पुढे शेंड्यापासून नाळेपर्यंत फोरस्टे. माझ्या सव्वीस फुटी बोटीवर ही तार सहा मिलिमीटरची, एकोणीस धाग्यांची, स्टेनलेस स्टीलची. तिची ताकद तीन टनांच्या आसपास असते. पण ती ताकद टोकाच्या तीन आट्यांवर उभी असेल तर तिचा काही उपयोग नाही.

चूक त्या तारेची नव्हती, ती बनवणाऱ्याचीही नव्हती. माप मी दिलं होतं.

फर्लर बसवायचं ठरवलं ते पुढच्या शिडासाठी. वारा वाढला की उसळत्या नाळेवर जाऊन जिब उतरवावी लागते, वय वाढतं तसं ते जड जातं. फर्लरमध्ये फोरस्टेभोवती अॅल्युमिनियमची पोकळ नळी असते, शिडाची पुढची कड तिच्या खाचेत सरकते आणि कॉकपिटमधून एक दोर ओढला की शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. पण नळी मापाने कापावी लागते आणि आतली तारही बहुधा नवी करावी लागते. म्हणजे सगळा डोलारा एका आकड्यावर.

तो आकडा मी असा काढला: टेपचं टोक हॅलयार्डच्या कड्याला अडकवलं, वर चढवलं, आणि खाली नाळेवरच्या पिनेपाशी वाचलं. ९ मीटर ८४. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच आलं, म्हणून निर्धास्त झालो. एकच चूक दोनदा केली तर उत्तर दोन्ही वेळा तेच येणार, हे तेव्हा सुचलं नाही. हॅलयार्डचं कडं वर जाऊन कप्पीला अडकतं. फोरस्टेची पिन त्याच्याही वर असते. माझ्या बोटीवर हे अंतर नऊ सेंटीमीटर आहे. तेवढी तार आखूड झाली.

बसवताना ती पुरेना, तेव्हा टर्नबकल उघडत उघडत शेवटच्या आट्यांपर्यंत नेला. त्याने पाच सेंटीमीटर भरून निघाले. उरलेल्या चारांसाठी बॅकस्टे सैल सोडून डोलकाठीच पुढे घेतली. चार सेंटीमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटलं. पण फोरस्टे तिरपा असतो. माझ्या बोटीवर डोलकाठीच्या बुंध्यापासून नाळेवरच्या पिनेचं अंतर सव्वातीन मीटरला थोडं कमी आहे, तार दहा मीटरच्या जवळपास. या प्रमाणात तार चार सेंटीमीटर आखूड झाली की शेंडा बारा सेंटीमीटरहून जास्त पुढे येतो. आणि शेंडा पुढे आला की सुकाणूचा स्वभाव बदलतो. हात सोडला तर बोटीने वाऱ्याकडे वळून थांबायला हवं, ती सुरक्षित खोड. माझी बोट वाऱ्यापासून दूर पळू लागली होती. दोन महिने मी ते शिडाच्या नावावर खपवत होतो.

जुना फोरस्टे हाताशी असता तर शेजारी ठेवून एका क्षणात कळलं असतं. तो काढला त्याच दिवशी भंगारात गेला. आमच्या बोटींची देखभाल करणारे नाखवा म्हणाले होते, ‘‘साहेब, नवी बसू द्या, मग जुनी टाका.’’ त्यांनी आयुष्यभर दोरखंड आणि लाकूड हाताळलं, मोजमापाच्या कामात त्यांचा शब्द मी मानायला हवा होता.

आता जे करतो ते सांगतो. मे अखेरीला बोट वर काढली की जुना स्टे सपाट जमिनीवर सरळ ताणून ठेवतो आणि वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत स्टीलच्या टेपने मोजतो. तार, कप्पी, कडं यांपैकी कशाच्या टोकापासून नव्हे, पिनेच्या मध्यापासून. काढण्याआधी टर्नबकल होता तसा ठेवून दोन्ही बाजूंचे उघडे आटे मोजून लिहितो, कारण ‘किती लांब’ इतकंच ‘कुठल्या ताणावर इतकं लांब’ हेही महत्त्वाचं. नवी तार अशी मागतो की टर्नबकल साधारण अर्ध्यावर असताना डोलकाठी जागेवर यावी. मग पुढेमागे दोन्हीकडे वाव राहतो.

स्टे काढणं शक्य नसेल तर बोसनच्या खुर्चीत, म्हणजे दोराने वर ओढायच्या झुल्यात, बसून डोलकाठीवर जावं लागतं. पहाटे, वारा पडलेला असताना आणि लाँचची ये-जा सुरू व्हायच्या आत, आणि दुसऱ्या दोराने स्वतःला बांधून. टेप तारेला तीन-चार ठिकाणी बांधा, नाहीतर ती वाऱ्यात झोल खाते आणि माप जास्त दाखवते. कापडी टेप तर नकोच.

डोलकाठीचा कल ओळंब्याने बघा. मोठ्या शिडाच्या हॅलयार्डला वजन टांगा, ते हलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवा, आणि बुंध्यापासून अंतर लिहा. बोट पाण्यावर समतोल असताना, बॅकस्टे नेहमीच्या ताणावर असताना. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि गवंडी रोज करतो.

पिनांसाठी व्हर्नियर लागतो, डोळा चालत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या बोटी ब्रिटिश बनावटीच्या, इंचांच्या. अर्ध्या इंचाची पिन १२.७ मिलिमीटर, नवं सामान १२ मिलिमीटरचं आलं तर ते बसत नाही, आणि भोक मोठं करण्याचा मोह झाला तर भोकाभोवतीचा धातू पातळ होतो. तो मोह टाळा, योग्य मापाचा भाग मागवा.

शेवटी हॅलयार्डचा कोन. वरचा स्विव्हल, म्हणजे हॅलयार्ड ज्याला बांधतात तो नळीवरचा फिरता भाग, डोलकाठीच्या शेंड्याजवळ गेला की हॅलयार्ड स्टेला जवळजवळ समांतर होतो, आणि गुंडाळताना तोच नळीभोवती वळून अडकतो. त्याला मागे ओढून धरणारं लहानसं कडं डोलकाठीवर लावलं की त्रास संपतो. पण तेही मापातच ठरवायचं असतं, नंतर नव्हे.

मला नवी तार करावी लागली, नळीचा वरचा तुकडाही नवा घ्यावा लागला. आकडा आता लॉकरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला आहे: ९ मीटर ९३, पिन ते पिन. तुम्ही फर्लर घेणार असाल तर तुमच्या बोटीचा आकडा तुमच्या हाताने काढा, आणि नव्या तारेने एक अख्खा हंगाम वारा पाहीपर्यंत जुनी तार भंगारवाल्याला देऊ नका.