राजीनाम्याआधी रजा



गिरीजहून भल्या पहाटे निघून, वसई रोडला तुडुंब भरलेली गाडी पकडून चर्चगेटपर्यंतचे सुमारे 52 किलोमीटरचे अंतर उभ्याने काटणारी आणि मुले निजल्यावर घरी परतणारी जी मंडळी छातीतील धडधड, आम्लपित्त वा निद्रानाश यांची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, त्यांपैकी कित्येक जण तपासणी आटोपल्यावर हळूच विचारतात, "डॉक्टर, नोकरी सोडून घरची वाडी पाहिली, तर बरे वाटेल का हो?" हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीत मावत नसला, तरी तो वैद्यकाच्याच कक्षेतला आहे, अशी माझी धारणा आहे.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्यास 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 वा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक संभवतो; तेव्हा नोकरीमुळे प्रकृती ढासळते, ही कैफियत निराधार नाही. तथापि प्रत्येक थकव्याचे खापर नोकरीवर फोडणे न्याय्य नव्हे. पंडुरोग, थायरॉईडची मंदगती, मधुमेह, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव किंवा झोपेत घोरताना अडणारा श्वास यांपैकी एखादे कारण आत दडलेले असेल, तर राजीनामा मंजूर झाल्यावरही तो थकवा जशाचा तसा राहील. म्हणून प्रथम रक्ताची व रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी.

त्यानंतर, शक्य असेल त्याने, दोन आठवड्यांची सलग रजा घ्यावी आणि त्या मुदतीत स्वतःचे प्रामाणिकपणे निरीक्षण करावे. झोप सुधारली, भूक परतली, आणि कामावर रुजू होताच चार दिवसांत पूर्वीचीच अवस्था आली, तर दोष बहुधा कामाकडे आहे. परंतु रजेतही कशात मन रमत नसेल, आवडत्या माणसांचा सहवास नकोसा वाटत असेल, पहाटे निष्कारण जाग येऊन जीव घाबरत असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी आयुष्याचा मोठा निर्णय तहकूब ठेवून आधी उपचार घ्यावेत. जगणे नकोसे वाटत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता घरच्यांना सांगावे, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, आणि 14416 या शासकीय टेलि-मानस क्रमांकावर, जो अहोरात्र व विनामूल्य चालू असतो, दूरध्वनी करावा.

पेशा बदलण्याचे उदाहरण म्हणून मला डॉ. श्रीराम लागू नेहमी आठवतात. कान-नाक-घशाचे हे शल्यविशारद 1969 साली वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'नटसम्राट' उभा राहिला, एवढेच लोकांच्या स्मरणात असते. परंतु पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये तत्पूर्वी अनेक वर्षे त्यांनी हौशी नट म्हणून घातलेली मेहनत सहसा कोणी लक्षात घेत नाही. ज्या क्षेत्रात जायचे त्यातील कष्टांचीही ओळख त्यांना आधीच झालेली होती, हे मला त्या निर्णयाचे खरे बळ वाटते.

वाडीचेही तसेच आहे. केळी, पानवेल, फुलबाग ही नावे लोकलच्या गर्दीत फार गोड लागतात; पण भाव कोसळणे, मजूर न मिळणे, विहिरीचे पाणी मचूळ होणे यांनीही रक्तदाब चढतो. तेव्हा वर्षभर सुट्टीच्या दिवशी वाडीत प्रत्यक्ष राबून पाहावे, जमाखर्चाचा हिशेब कुटुंबासमोर मांडावा, आणि पत्नीची वा पतीची संमती गृहीत धरू नये, कारण एकाची सुटका हा दुसऱ्यावरचा बोजा ठरला, तर तोही माझ्याच दवाखान्यात येतो.

नोकरीबरोबरचा सामूहिक आरोग्यविमा संपुष्टात येण्यापूर्वीच वैयक्तिक विम्याची तजवीज करावी, कारण जुन्या आजारांना नवा विमा लगेच लागू होईलच असे नाही. पदत्यागानंतरचे पहिले काही महिने उलट अधिक अस्वस्थ जाण्याचा संभव असतो; दिवसाची चौकट मोडलेली असते आणि चौघांच्या चौकशा झोंबतात. त्या काळात उठण्याची वेळ पूर्वीचीच ठेवावी, आणि आता ताण गेला अशा समजुतीने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. घरी मोजलेल्या रक्तदाबाची नोंद घेऊन यावे, मात्रा कमी करायची की नाही ते आपण मिळून ठरवू.