लहान उद्योगाची आखणी

नियोजन हे मोठ्या कारखान्यांचे काम, लहान उद्योजकाने आपले मन लावून काम करावे, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोठ्या कारखान्याचा एखादा अंदाज चुकला तर तोटा ताळेबंदाच्या एका ओळीत सामावून जातो. लहान उद्योजकाचा अंदाज चुकला की घरातले दागिने सराफाकडे जातात. तेव्हा आखणीची खरी निकड त्यालाच अधिक असते. ही आखणी करावयास शंभर पानी अहवाल लागत नाही. एक वही आणि स्वतःला अडचणीचे प्रश्न विचारण्याची तयारी पुरेशी होते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटावयास सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक होत. जवळ भांडवल नव्हते, म्हणून छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. तोटा आला तरी कोणाकडूनही देणगी घ्यावयाची नाही, हे आरंभीच ठरले होते. ‘लिज्जत’ या नावाने पुढे घरोघरी पोहोचलेल्या उद्योगाचा हा प्रारंभ होय.

या हकिकतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. येथे तिच्याकडे पाहावयाचे ते एवढ्यासाठी, की त्या बायकांनी घेतलेले निर्णय तपासून पाहण्याजोगे आहेत. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत आणि हलका माल स्वस्तात विकीत. पारेख यांनी त्यांना एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. वरवर पाहता हलका माल सोडणे म्हणजे गिऱ्हाईक सोडणे. परंतु दोन प्रती ठेवल्या की दोन प्रकारची खरेदी, दोन साठे आणि दोन हिशेब सांभाळावे लागतात. शिवाय स्वस्त माल खाल्लेला माणूस चांगल्या मालाविषयीही त्यावरूनच मत बनवितो. नव्या उद्योगाला हा भार पेलत नाही.

त्याहून बोधप्रद गोष्ट पावसाची आहे. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी पेटविली, आणि पावसातही काम चालू राहिले. उद्योग कोठे अडतो हे ओळखणे म्हणजे काय, ते या खाटेवरून समजते. लाटणारे हात कमी नव्हते. अडत होते ते वाळवण. अशा वेळी आणखी बायकांना कामावर घेतले असते तर ओल्या पापडांचा ढीग तेवढा वाढला असता. पैसा जेथे काम तुंबते तेथेच घालावयाचा असतो, अन्यत्र घातलेला पैसा तूर्त वायाच जातो. पहिल्या वर्षाची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लहानशा खर्चाचे मोल कळते.

आता आजचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एका दांपत्याला मसाल्याची कांडप गिरणी काढून दुकानदारांना मसाला पुरवावयाचा आहे. भाडे ८,००० रुपये, मदतनिसाचा पगार १२,००० आणि कर्जाचा हप्ता ५,०००, असा २५,००० रुपयांचा मासिक खर्च गिरणी चालो वा न चालो येणारच. मसाला किलोमागे २०० रुपयांना विकला जाईल. मिरची-धणे, वीज आणि पिशव्या धरून किलोला १५० रुपये पडतील. म्हणजे किलोमागे ५० रुपये उरतात, आणि महिन्याला ५०० किलो विकले तर जमाखर्चाची तोंडमिळवणी होते. दुकानदार म्हणतो, “किलोला दहा रुपये सोडा.” दहा रुपये म्हणजे किंमतीच्या अवघे पाच टक्के. पण उरणारी रक्कम ५० वरून ४० वर येते आणि तोंडमिळवणीला ६२५ किलो विकावे लागतात. पाच टक्क्यांच्या सवलतीसाठी विक्री पंचवीस टक्क्यांनी वाढवावी लागते, हे दुकानाच्या पायरीवर उभे राहून सुचत नाही. आधी मांडून ठेवावे लागते.

उधारीचेही तसेच. मिरची रोखीने घ्यावयाची आणि मसाल्याचे पैसे दीड महिन्याने मिळावयाचे, असे असेल तर कच्च्या मालाचे १,१२,५०० आणि चालू खर्चाचे ३७,५००, मिळून दीड लाख रुपये पहिला रुपया हाती येण्यापूर्वीच गुंततात. नफा दिसत असतानाही उद्योग बुडतात, ते बहुधा येथे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले गेले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. तरतूद चांगली आहे. मात्र आपल्या एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार करण्याचे धाडस कितीजण करतील?

राहिला वेळ. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने आणि पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामी तेथील नौदलाने कामांचे जाळे आखून सर्वांत लांब वाट शोधण्याच्या पद्धती प्रचारात आणल्या. नावे भारदस्त असली तरी मर्म साधे आहे. गिरणीसाठी वाढीव दाबाची वीज मिळावयास ४५ दिवस लागतील, यंत्र येण्यास ३०, ते बसविण्यास ४ आणि वीज आल्यावर चाचणीस ५. चौथरा दहा दिवसांत होईल, तो यंत्राची वाट पाहताना बांधता येतो. एकूण काम ५० दिवसांचे, आणि लांब वाट विजेची. यंत्र विकणारा म्हणतो, तीन हजार रुपये अधिक द्या, दहा दिवस लवकर पाठवितो. हे पैसे देऊन एक दिवसही वाचणार नाही! उलट यंत्र लवकर आले की कर्जाचे व्याज लवकर सुरू होईल. विजेचा अर्ज पहिल्या दिवशी द्यावा. यंत्राची मागणी अकराव्या दिवशी नोंदविली तरी चालते. अर्थात वाहतूक रखडते, म्हणून ती सहाव्या-सातव्या दिवशी नोंदविणे शहाणपणाचे.

एक प्रश्न मात्र उत्साहाच्या भरात कोणी विचारीत नाही : थांबावयाचे केव्हा? लिज्जतनेही १९६१ मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली होती. ती चालली नाही. गुंतलेला पैसा डोळ्यांपुढे असताना माघारीचा निर्णय घेणे फार जड जाते, म्हणून ती मर्यादा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच, डोके थंड असताना, वहीत लिहून ठेवावी. गिरणीच्या बाबतीत ती अशी असू शकेल : सहा महिन्यांनंतरही विक्री ३०० किलोंच्या वर गेली नाही तर स्वतःचा मसाला विकणे थांबवून गिरणी लोकांचा मसाला कांडून देण्याच्या कामी लावावयाची. नोंदीखाली तारीख घालावी आणि दोघांनीही सही करावी.